चार चाकांची ओढ : फोर व्हील ड्राईव्ह आणि ऑल व्हील ड्राईव्ह

ग्रामीण भागात ट्रॅक्टरच्या जोडीला आता एसयूव्ही ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उंच बांध्याच्या मोटारगाड्या पुष्कळ ठिकाणी दिसू लागल्या आहेत. पावसाळ्यात पाणंदीतून शिवारात जाणे, आजारी माणसास तालुक्याच्या गावी नेणे, भाजीपाला बाजारात पोचविणे अशी अनेक कामे ह्या गाड्यांवर होतात. विस्तारकार्य करणाऱ्या कार्यकर्त्यांनाही आडवळणाच्या गावी जाण्यासाठी अशा गाडीचा आधार वाटतो. तथापि गाडी घेताना विक्रेत्याकडून ‘फोर व्हील ड्राईव्ह’, ‘ऑल व्हील ड्राईव्ह’, ‘फोर बाय फोर’ असे जे शब्द ऐकावयास मिळतात, त्यांचा नेमका अर्थ फारच थोड्यांस ठाऊक असतो. हे शब्द एकाच अर्थाचे आहेत अशी पुष्कळांची समजूत असते. आणि चारही चाके चालणारी गाडी कोठेही जाऊ शकते, ही समजूत तर त्याहून अधिक रूढ आहे. पहिल्या समजुतीमुळे पैसा वाया जातो. दुसरीमुळे प्रसंगी जीव जातो. म्हणून ह्या दोन पद्धती कशा चालतात, कोणती कोठे उपयोगी पडते आणि दोहोंचीही मर्यादा कोणती, हे नीट समजावून घेणे अगत्याचे आहे.

ओढ कोठे निर्माण होते?

गाडी एंजिनाच्या जोरावर चालते हे खरे. परंतु तो जोर जमिनीस लागतो तो टायरमार्फत. टायर व जमीन ह्यांच्यामधील पकड जेवढी, तेवढीच ओढ गाडीला मिळते. ह्या पकडीपेक्षा अधिक जोर चाकास दिला तर चाक जागच्या जागी फिरू लागते. पकड दोन गोष्टींवर अवलंबून असते : चाकावर पडणारा भार आणि जमिनीची स्थिती.

एक उदाहरण घेऊ. १,६०० किलो वजनाची गाडी आहे व तिचा भार पुढील दोन चाकांवर ८०० किलो आणि मागील दोन चाकांवर ८०० किलो असा सारखा विभागला आहे असे समजू. रस्ता ओल्या चिखलाचा असून पकड भाराच्या पाचव्या हिश्शाइतकीच आहे. गाडी दोनच चाकांनी चालत असेल, तर तिला जास्तीत जास्त ८०० चा पाचवा हिस्सा, म्हणजे १६० किलोची ओढ मिळेल. चारही चाकांनी चालत असेल, तर १,६०० चा पाचवा हिस्सा, म्हणजे ३२० किलोची ओढ मिळेल. आता ह्या रस्त्यावर आठ मीटरला एक मीटर असा चढ आला, तर तो चढण्यास गाडीच्या वजनाचा आठवा हिस्सा, म्हणजे २०० किलोची ओढ लागेल, आणि चिखलात रुतणारी चाके फिरविण्यास आणखी सुमारे ८० किलो लागतील. एकूण गरज २८० किलोची. दोन चाकांची गाडी येथे अडकेल. चार चाकांची चढून जाईल.

तोच चढ कोरड्या डांबरी रस्त्याचा असेल, तर तेथे पकड भाराच्या सात दशांशांच्या आसपास असते. म्हणजे दोन चाकांनाच ५६० किलोची ओढ मिळू शकते व ती गरजेपेक्षा कितीतरी अधिक आहे. ह्यावरून हे ध्यानात येईल की, चारही चाकांना जोर दिल्याने नवी पकड उत्पन्न होत नाही. जी पकड दोन चाकांखाली पडून राहिली असती, ती कामास लावली जाते, इतकेच. जेथे पकड मुबलक आहे तेथे ह्या व्यवस्थेचा लाभ नाही. जेथे ती कमी आहे तेथे मोठा लाभ आहे. आणि जेथे ती मुळीच नाही तेथे पुन्हा काहीच लाभ नाही.

डिफरन्शियलचे कार्य

मळणीच्या खळ्यावर तिवड्याभोवती बैलांची पात फिरते, तेव्हा तिवड्याजवळील बैलास थोडे चालावे लागते व कडेच्या बैलास पुष्कळ. गाडी वळते तेव्हा तिच्या चाकांचेही तसेच होते. आतील चाक लहान फेरा घेते, बाहेरील चाक मोठा. दोन्ही चाके एकाच आसास पक्की जोडली असती, तर त्यांपैकी एकास घासत जावे लागले असते. हे टाळण्यासाठी दोन चाकांच्या मधोमध दातेरी चक्रांची जी पेटी बसवितात, तिला डिफरन्शियल म्हणतात. ती दोन्ही चाकांना सारखाच जोर देते, परंतु कमीअधिक वेगाने फिरू देते.

ह्या सोयीत एक दोषही आहे. जू मध्यावर सैल बांधलेले असावे व एका बैलाने अंग चोरावे, म्हणजे दुसऱ्याने कितीही जोर केला तरी जू तिरके फिरते आणि गाडा हलत नाही. त्याचप्रमाणे एक चाक चिखलात फिरू लागले की, डिफरन्शियल दुसऱ्या चाकासही तेवढाच क्षीण जोर देते, आणि कोरड्या जमिनीवरील ते चाक स्वस्थ उभे राहते. ट्रॅक्टर चालविणाऱ्यांस हा अनुभव आहेच. अशा वेळी ते टाचेजवळील पेडल दाबून ‘डिफरन्शियल लॉक’ लावतात, म्हणजे दोन्ही चाके एकत्र बांधली जाऊन फिरू लागतात. काही मोटारगाड्यांतही असा लॉक असतो. इतर अनेक नव्या गाड्यांत फिरणाऱ्या चाकास आपोआप ब्रेक लावण्याची योजना असते. त्यामुळे जोर दुसऱ्या चाकाकडे वळतो.

आता चारही चाकांना जोर द्यावयाचा म्हटले की, आणखी एक अडचण उभी राहते. वळणावर पुढील चाके मागील चाकांपेक्षा मोठा फेरा घेतात. पुढील व मागील आसांमधील अंतर अडीच मीटर असलेली गाडी काटकोनात वळली व मागील आसाचा मध्य पाच मीटर त्रिज्येच्या वर्तुळावरून गेला, तर तो सुमारे ७.८५ मीटर चालतो. पुढील आसाचा मध्य मात्र सुमारे ८.८ मीटर चालतो. हा जवळजवळ एक मीटरचा फरक कोठेतरी सामावून घेतला पाहिजे. तो कसा सामावून घ्यावयाचा, ह्या एका प्रश्नाच्या निरनिराळ्या उत्तरांतूनच फोर व्हील ड्राईव्ह व ऑल व्हील ड्राईव्ह ह्या दोन पद्धती निर्माण झाल्या आहेत.

फोर व्हील ड्राईव्ह : जीपची पद्धत

पहिली पद्धत आपल्याकडे जीपमुळे परिचयाची झाली. १९४१ पासून अमेरिकेत लष्करासाठी मोठ्या प्रमाणावर तयार झालेली ही गाडी १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत जुळविली जाऊ लागली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समाजविकास योजना सुरू झाली आणि पुढे विकास गटांच्या कामात जीप ही ओळखीची वस्तू झाली. जेथे बैलगाडीच्या चाकोऱ्या हाच रस्ता होता, तेथे बियाणे, खते व कार्यकर्ते तिने पोचविले.

ह्या जीपमध्ये नेहमी मागील दोन चाकेच चालतात. गिअरबॉक्सच्या मागे ‘ट्रान्सफर केस’ नावाची दुसरी पेटी असते. तिचा दांडा ओढला म्हणजे पुढील आसही मागील आसाशी पक्का जोडला जातो. आपल्याकडील चालक ह्यालाच ‘फोर व्हील टाकणे’ असे म्हणतात. ह्या जोडणीत मधे कोणतेही डिफरन्शियल नसते. पुढील व मागील आस अगदी सारख्याच वेगाने फिरतात. त्यामुळे पुढील दोन्ही चाके चिखलात निसटली, तरी मागील चाकांचा जोर कमी होत नाही. हा ह्या पद्धतीचा मोठा गुण होय.

परंतु वर सांगितलेला वळणावरील एक मीटरचा फरक येथे कोणीही सामावून घेत नाही. जमीन ओली, भुसभुशीत वा वाळूची असेल, तर टायर थोडेसे घसरतात आणि फरक आपोआप निघून जातो. कोरड्या डांबरी किंवा काँक्रीटच्या रस्त्यावर टायर घसरत नाहीत. मग तो सारा पीळ आसांत, दांड्यांत व दात्यांत साठत जातो. सुकाणू जड होते, गाडी अडखळत वळते, टायर झिजतात, आणि दुर्लक्ष केल्यास दातेरी चक्रे तुटतात. म्हणून अशी गाडी पक्क्या कोरड्या रस्त्यावर फोर व्हील टाकून कधीही चालवू नये. दांडा अडकून बसल्यास गाडी काही मीटर सरळ मागे घ्यावी, म्हणजे पीळ सुटून दांडा मोकळा होतो.

ट्रान्सफर केसमध्ये आणखी एक महत्त्वाची सोय असते. ती म्हणजे ‘लो’ गिअर. हा लावला असता एंजिनाचा वेग तोच राहून चाकांचा वेग साधारणतः निम्मा किंवा त्याहून कमी होतो, व चाकांवरील जोर त्याच प्रमाणात वाढतो. जुन्या जीपमध्ये हे प्रमाण जवळजवळ दोनास एक असे होते. भरलेली ट्रॉली रुतलेल्या जागेतून काढणे, दगडगोट्यांच्या चढावरून माणसाच्या चालीने जाणे, आणि विशेषतः तीव्र उतारावर ब्रेक न दाबता एंजिनाच्या अटकावाने हळूहळू उतरणे ह्या कामी लो गिअरला तोड नाही. १९८५ साली आलेली जिप्सी, आजची थार (तिचे चारही चाकांनी चालणारे प्रकार) आणि २०२३ साली भारतात आलेली जिम्नी ही ह्या पद्धतीची परिचित उदाहरणे होत.

ऑल व्हील ड्राईव्ह : न सांगता चालणारी पद्धत

दुसऱ्या पद्धतीत चालकास दांडा ओढावा लागत नाही व पक्का रस्ता वर्ज्य नसतो. तिचे मुख्यत्वे दोन प्रकार आहेत.

पहिल्या प्रकारात पुढील व मागील आसांच्या मध्ये तिसरे डिफरन्शियल बसविलेले असते. वळणावरील फरक ते सामावून घेते. त्यामुळे चारही चाके सदोदित चालू ठेवता येतात. ह्या प्रकाराच्या इतिहासात शेतकऱ्यांस आपुलकी वाटावी असे एक नाव आहे. आज जवळजवळ प्रत्येक ट्रॅक्टरच्या मागे अवजारे जोडण्यासाठी जी तीन बिंदूंची जोडणी असते, ती रूढ करणारे हॅरी फर्ग्युसन ह्यांनीच आपल्या उत्तर आयुष्यात चारही चाकांनी चालणाऱ्या मोटारीच्या संशोधनास चालना दिली. १९६० साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या संस्थेने तयार केलेल्या शर्यतीच्या गाडीने १९६१ साली इंग्लंडमध्ये ओल्टन पार्क येथील शर्यत जिंकली, आणि १९६६ साली त्यांची पद्धत वापरलेली जेन्सन एफएफ ही रस्त्यावरील मोटार विक्रीस आली. पुढे १९७० साली रेंज रोव्हर व १९८० साली ऑडी क्वाट्रो ह्या गाड्यांनी चारही चाके कायम चालू ठेवण्याची पद्धत अधिक प्रचारात आणली.

दुसरा प्रकार आजच्या मध्यम किमतीच्या गाड्यांत अधिक आढळतो. ह्यात नेहमी बहुधा पुढील दोन चाकेच चालतात. मागील आसाकडे जाणाऱ्या दांड्यावर अनेक चकत्यांचा एक क्लच असतो. प्रत्येक चाकाचा वेग मोजणारे यंत्र गाडीतील संगणकास माहिती पुरविते. पुढील चाक घसरू लागले असे आढळताच संगणक क्लच आवळतो व मागील चाकांनाही जोर मिळतो. हे सर्व एका क्षणाच्या आत होते. २०२२ साली आलेल्या ग्रँड विटाराच्या ऑल व्हील ड्राईव्ह प्रकारात अशाच धर्तीची योजना आहे.

पावसात निसरडा झालेला घाटरस्ता, डांबरावर वाहून आलेली माती, मुरमाचा कच्चा रस्ता, अशा ठिकाणी ही पद्धत फार सोयीची आहे; कारण पकड केव्हा कमी होईल हे चालकास आधी कळत नाही, यंत्रास मात्र तत्काळ कळते. परंतु तिच्या दोन मर्यादा लक्षात ठेवाव्या. एक, ह्या गाड्यांत बहुधा लो गिअर नसतो. दुसरी, क्लचच्या चकत्या फार वेळ घसरत राहिल्या तर तापतात, आणि त्या जळू नयेत म्हणून संगणक मागील चाकांचा जोर काढून घेतो. खोल चिखलात पाच-दहा मिनिटे झटापट केल्यावर गाडी एकाएकी दोनच चाकांची होऊन बसते, ह्याचे कारण हेच.

कोणत्या जमिनीस कोणती पद्धत?

काळ्या भारी जमिनीतील पाणंद पहिल्या पावसानंतर अत्यंत चिकट होते. चिखल टायरच्या खाचांत घट्ट बसतो व टायर गुळगुळीत रुळासारखा होतो. अशा वेळी लो गिअर असलेली फोर व्हील ड्राईव्ह गाडी व खोल खाचांचे टायर ह्यांचा काही अंशी उपयोग होतो; परंतु मातीचा गोळा चाकावर चढू लागल्यावर कोणत्याही पद्धतीचे काही चालत नाही. पेरणीसाठी आपण वाफशाची वाट पाहतो, तशीच गाडीसाठीही पाहावी. ओल्या पाणंदीत जोराने गाडी घातल्यास खोल चाकोऱ्या पडतात आणि मागून येणाऱ्या बैलगाडीची व शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरची वाट बंद होते, हेही विसरू नये.

नदीपात्रातील कोरड्या वाळूत पकडीपेक्षा चाक रुतण्याचाच प्रश्न मोठा असतो. येथे टायरमधील हवा कमी केल्यास टायर पसरून भार अधिक जागेवर विभागला जातो. नेहमी ३० पौंडांच्या आसपास हवा असेल, तर ती २० पौंडांच्या आसपास आणल्याने पुष्कळ फरक पडतो. मात्र पक्क्या रस्त्यावर येताच हवा पुन्हा भरून घेतली पाहिजे; अन्यथा टायर तापून फुटण्याचा संभव असतो. ज्यांस वरचेवर वाळूतून वा दगडधोंड्यांतून जावे लागते, त्यांनी लो गिअर असलेली फोर व्हील ड्राईव्ह गाडीच पसंत करावी.

कोकण व सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील पावसाळी डांबरी रस्त्यांवर, जेथे कधी ओले, कधी कोरडे, कधी मातीचे असे पट्टे लागोपाठ येतात, तेथे ऑल व्हील ड्राईव्ह अधिक योग्य ठरते. कारण दांड्याची फोर व्हील ड्राईव्ह अशा मिश्र रस्त्यावर सतत लावून ठेवता येत नाही.

ज्यांची वस्ती बारमाही पक्क्या रस्त्यावर आहे व ज्यांस वर्षातून चार-दोन दिवसच चिखलातून जावे लागते, त्यांना ह्यांपैकी कशाचीही गरज नाही. जादा यंत्रणेचे वजन ती गाडी बाराही महिने वाहते, इंधन अधिक लागते आणि देखभालीचा खर्च वाढतो. चांगल्या खाचांचे टायर, गाडीच्या तळाची पुरेशी उंची आणि जपून चालविण्याची सवय एवढ्यावर दोन चाकांनी चालणारी गाडीही पुष्कळ मजल मारते.

थांबण्याच्या कामी उपयोग नाही

येथे एका गैरसमजाचा स्पष्ट उल्लेख करणे जरूर आहे. सर्व मोटारगाड्यांत ब्रेक चारही चाकांना असतात. त्यामुळे चिखलात थांबण्याची शक्ती दोन्ही प्रकारच्या गाड्यांत सारखीच असते. आरंभीच्या उदाहरणातील चढ चार चाकांची गाडी चढून गेली. परंतु तोच चढ उतरताना ब्रेकच्या कामी तिच्याजवळ दोन चाकांच्या गाडीपेक्षा एक किलोही अधिक पकड नसते. वळणावर बाहेर फेकली जाण्याच्या बाबतीतही असेच आहे. रस्ता निसरडा आहे हे दोन चाकांच्या गाडीचा चालक चाक फिरताच ओळखतो व वेग कमी करतो. चार चाकांची गाडी सहज पुढे जाते, म्हणून तिच्या चालकास निसरडेपणा जाणवत नाही; तो जाणवतो ब्रेक लावल्यावर, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

पुराच्या पाण्यात चार चाके काय करतात?

पावसाळ्यात ओढ्यावरील फरशी पुलावरून पाणी वाहू लागले, म्हणजे उंच गाडीच्या मालकास पुढे जाण्याचा मोह होतो. ह्या प्रश्नाचे उत्तर गणितानेच पाहू.

१,६०० किलो वजनाच्या गाडीच्या तळाचे क्षेत्रफळ, चाकांची जागा वजा जाता, सुमारे ६ चौरस मीटर धरू. तळ जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंच आहे. पाणी तळाच्या वर १० सेंटिमीटर चढले की, गाडी ०.६ घनमीटर पाणी बाजूस सारते आणि पाणी तिला ६०० किलो जोराने वर उचलते. २० सेंटिमीटर चढले की १,२०० किलोने. म्हणजे फरशीवर ५० सेंटिमीटर, म्हणजे गुडघाभर, पाणी असताना चारही टायरांवर मिळून अवघा ४०० किलोचा भार उरतो. बंद दारांतून पाणी आत शिरण्यास वेळ लागतो, तोवर गाडी ही नावेसारखीच असते. अशा स्थितीत वेगाने वाहणारे पाणी गाडीच्या लांब कुशीवर काही शे किलोंचा रेटा देते. ओल्या, शेवाळलेल्या फरशीवर ४०० किलो भाराची पकड तो रेटा अडवू शकत नाही. पाणी आणखी थोडे वाढून ६० सेंटिमीटर, म्हणजे दोन फूट, झाले की बहुतेक मोटारी, उंच एसयूव्हीसुद्धा, वाहून जातात. लहान मोटारी तर फूटभर पाण्यातच तरंगू लागतात.

गाडी उचलली गेली की चारही चाके फिरत असली काय किंवा दोन फिरत असली काय, फरक शून्य आहे. कारण ज्या भारामुळे पकड मिळते तो भारच पाण्याने काढून घेतलेला असतो. कारखान्याच्या पुस्तिकेत पाण्यातून जाण्याची जी खोली दिलेली असते, ती संथ पाण्यासाठी आहे, पुरासाठी नव्हे. शिवाय गढूळ पाण्याखाली फरशीचा तुकडा वाहून गेला आहे किंवा नाही, हे कोणत्याही गाडीस कळत नाही. म्हणून फरशीवरून पाणी वाहत असेल, तर अलीकडेच थांबावे. कार्यकर्त्यांनी ही गोष्ट ग्रामसभेत व शाळांतून आवर्जून सांगावी.

ट्रॅक्टरच्या बाबतीत

फोर व्हील ड्राईव्ह ट्रॅक्टर आता भाताच्या चिखलणीसाठी व भारी जमिनीच्या नांगरटीसाठी वापरात आहेत. तत्त्व तेच, पुढील चाकांवरील भार, जो एरवी ओढीच्या कामी येत नाही, तो कामास लावला जातो. बहुतेक ट्रॅक्टरांत पुढील चाके लहान असतात, व ती मागील चाकांपेक्षा शेकडा एक ते पाच इतक्या अधिक वेगाने ओढती राहतील असे दाते बसविलेले असतात. शेतात हे हिताचे आहे. पक्क्या रस्त्यावर मात्र पुढील टायर सतत घासतात व लवकर झिजतात. म्हणून शेतातून रस्त्यावर येताच पुढील जोडणी सोडावी. अपवाद एकच. ट्रॅक्टरचे ब्रेक बहुधा मागील चाकांनाच असतात. त्यामुळे भरलेली ट्रॉली घेऊन तीव्र उतार उतरताना पुढील जोडणी लावल्यास पुढील चाकेही गाडी आवरण्यास हातभार लावतात. टायर बदलताना पुढील व मागील टायरांचे ठरवून दिलेले मापच घ्यावे. माप चुकले तर वेगाचे हे प्रमाण बिघडते.

गाडी घेण्यापूर्वी व घेतल्यानंतर

गाडीच्या नावावरून, उंचीवरून किंवा ‘चिखल’, ‘वाळू’ असे लिहिलेल्या बटणावरून तिची पद्धत ठरवू नये. बाजारातील अनेक एसयूव्ही दोनच चाकांनी चालतात. थारचाही मागील दोनच चाकांनी चालणारा प्रकार २०२३ साली विक्रीस आला. म्हणून विक्रेत्यास पुढील प्रश्न स्पष्टपणे विचारावे :

(१) नेहमी कोणती चाके चालतात व उरलेली केव्हा चालू होतात? ती चालकाने चालू करावयाची की आपोआप होतात?

(२) लो गिअर आहे काय?

(३) कोरड्या डांबरी रस्त्यावर चारही चाके चालू ठेवता येतात काय?

(४) डिफरन्शियल लॉक आहे, की केवळ ब्रेकने चाक आवरण्याची सोय आहे?

गाडी घेतल्यावर पुढील गोष्टी पाळाव्या :

(१) फोर व्हील चिखलात शिरण्यापूर्वी टाकावी. रुतल्यावर टाकल्याने निम्मा लाभ जातो.

(२) लो गिअर गाडी थांबवून किंवा पुस्तिकेत सांगितलेल्या मंद वेगातच लावावा.

(३) दांड्याची पद्धत असल्यास महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर काही किलोमीटर फोर व्हील चालवावी, म्हणजे आतील भागांस तेल मिळत राहते.

(४) चारही टायर एकाच मापाचे व सारख्याच झिजेचे ठेवावे. ऑल व्हील ड्राईव्ह गाडीत हे विशेष महत्त्वाचे आहे; एक टायर लहानमोठा असल्यास क्लच विनाकारण घासत राहतो.

(५) ऑल व्हील ड्राईव्ह गाडी बंद पडल्यास दोन चाके उचलून ओढत नेऊ नये. ती सपाट गाडीवर चढवूनच न्यावी.

(६) चिखलाच्या कामानंतर गाडीचा तळ धुवावा, आणि खोल पाण्यातून जावे लागले असल्यास डिफरन्शियलच्या तेलात पाणी शिरले नाही ना, हे तपासून घ्यावे.

सारांश, खडतर वाटेवर सावकाश व जोराचे काम करणारास लो गिअरची फोर व्हील ड्राईव्ह, पावसाळी मिश्र रस्त्यावर नित्य प्रवास करणारास ऑल व्हील ड्राईव्ह, आणि पक्क्या रस्त्यावरील कुटुंबास दोन चाकांची साधी गाडी, असा विवेक ठेवल्यास पैसा योग्य कामी लागेल. ह्यांपैकी कोणतीही गाडी असली, तरी तिचा जमिनीशी संबंध चार टायरांखालील तळहाताएवढ्या जागांपुरताच असतो, हे ध्यानी ठेवून वेग आवरावा आणि वाहते पाणी ओलांडू नये.